बंडीच्या खिशातलं लोखंड

माझी बायको गेली तेव्हा दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला, आम्ही मागे सरकलो, आणि हात जोडायच्या आतच तो भात उचलून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. ऊन चढत होतं, घरी जायची घाई होती. मला मात्र बरं वाटलं नाही. कावळा शिवत नाही तेव्हा मेलेल्याचं काहीतरी अडलेलं असतं, असं आमच्यात धरतात. मग घरच्यांनी पुढे होऊन कबूल करायचं, की तुझं हे करू, त्याच्याकडे बघू, तेव्हा तो येतो. मी मनाशी जुळवून गेलो होतो. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे तिचं अडलं तर माझ्यातच अडणार. म्हणणार होतो, वेळेवर जेवत जाईन, पायाला तेल लावीन. बोलायची वेळच आली नाही. एवढा संसार करून हिचा जीव माझ्यात जराही अडकला नव्हता.

खाप्याहून माझी मोठी बहीण आली होती. तिला उलटीच भीती.

"तू एकटा पडला गा आता," ती म्हणाली. "जोडप्यातलं एक गेलं का ते दुसऱ्याले ओढते. अंगावर लोखंड राहू दे."

आणि तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा अडकित्ता काढून माझ्या बंडीच्या खिशात घातला.

"दुसरं लोखंड नाही भेटलं काय तुले?"

"हे तिच्या हातचं आहे. याले मानन ती."

"आपल्याच अडकित्त्याले भिऊन राहीन काय ती?"

"तू वाद नको घालू. काढला खिशातून तर पाय नाही ठेवणार तुझ्या घरात."

त्या अडकित्त्याची जागा सांगतो. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, कळमेश्वरच्या रस्त्यावर छोटं दुकान आहे. शाळा थोडी झाली, बाकी सगळं ट्रकखाली पडून शिकलो. एकदा एका ट्रकचा फाटका स्पीकर निघाला. त्याचं चुंबक चांगलं जाडजूड होतं, ते घरी आणून ओट्याच्या वर ठोकलं. बायको म्हणाली, "झालं, दुकानातला कचरा आता घरात." पण दुसऱ्या दिवसापासून तिचा अडकित्ता तिथेच चिकटला. जेवण झालं की हात वर करून ओढून घ्यायची, सुपारी कातरायची, परत टक करून लावायची. दात हलायला लागले तरी सोडली नाही.

"चावता येते काय आता?" मी म्हणायचो.

"चावता नाही येत म्हणून तर बारीक कातरून राहिली," ती म्हणायची. "तुमच्या डोक्यात नाही येणार ते."

बहिणीने सांगितलं म्हणून मी लोखंड बाळगलं असं नाही. तिचं होतं म्हणून राहू दिलं. बंडी एका अंगाला ओढल्यासारखी व्हायची. रात्री खुंटीला लावायची, सकाळी घालायची. अडकित्ता आतच.

मी वाट बघत होतो, हे आता लिहायला हरकत नाही. लोक घाबरतात, मी मुद्दाम तिच्या जागेवर ताट घेऊन बसायचो. संध्याकाळी दिवा न लावता ओट्याकडे तोंड करून राहायचो. पण काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. ती स्वप्नातही आली नाही. स्वप्नात यायचे ते ट्रकवाले.

दुकान तेव्हा बंदच असायचं. एक दिवस एक जुने गिऱ्हाईक घरी आले. जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, रिटायर होऊन नागपूरला परतलेले साहेब. त्यांच्या गाडीचं वायरिंग मीच बघायचो.

"मिस्त्री, माझ्या नावेचं वायरिंग करून द्या," ते म्हणाले.

"नागपुरात नाव?"

"घेतली जुनी. शिडाची आहे. कळमेश्वरच्या शेडमधी उभी आहे ट्रेलरवर. थंडीत कोकणात नेतो, मी अन् बायको."

"समुद्रातलं काम मले येत नाही साहेब."

"मले येते. तुम्ही फक्त वायर ओढा. घरात बसून काय करून राहिले?"

दुसऱ्या दिवशी औजारांची पेटी उचलून गेलो.

कळमेश्वरच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांच्या ओळखीच्या माणसाची रिकामी शेड होती. आत ती नाव उभी. शेडमध्ये जुने पंखे, गंजलेले पत्रे, आणि मधे ही पांढरी नाव, जशी काही वाट चुकून आली. शिडी लावून वर चढलो. मागच्या बाजूला गाडीच्या स्टिअरिंगपेक्षा मोठं चाक होतं. चाकापुढे कमरेएवढा खांब, आणि त्याच्या डोक्यावर यंत्रं बसवायची होती. एक नकाशाचा पडदा, एक पाण्याची खोली सांगणारं मीटर, आणि मधोमध होकायंत्र. काचेच्या घुमटात तेल, तेलात तरंगणारी तबकडी. साहेब त्याला कंपास म्हणायचे.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पडद्याला बॅटरीची एक वायर दिली आणि दुसरीसाठी बॉडी शोधायला लागलो. गाडीत असंच असतं. वायर एकच जाते, परत यायचं काम गाडीचं लोखंडच करतं. मी खांब खरवडला, स्क्रू लावला, पडदा काही लागेना.

साहेब खाली उभे राहून बघत होते. "मिस्त्री, प्लॅस्टिकची आहे ती. बॉडी कुठून आणू तुमच्यासाठी?"

"मग करंट परत कसा येईन?"

"दुसरी वायर टाका. जेवढ्या जातील तेवढ्या परत आणा."

जन्मभर मी फक्त जाणारी वायर जोडत आलो. परतीचं कधी बघावं लागलं नाही, ते आपोआप व्हायचं. त्या दिवशी खांबात हात घालून परतीच्या वायरा ओढताना घरचं सगळं आठवलं. डबा, धुतलेली बंडी, विजेचं बिल भरून आलेली ती. पुढे लिहीत नाही.

बाकी काम साहेबांनी नीट समजावलं. पडदा जिथे बसणार तिथे आधी पुठ्ठ्याचा नमुना लावून बघायचा, चाक धरून उभं राहिल्यावर दिसतो का ते पाहायचं, मगच भोक पाडायचं. भोकाच्या कडेला रबरासारखी लुगदी भरायची, पाणी शिरू नये म्हणून. वायर खांबात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी तिथेच टपकतं, आत जात नाही. आणि कंपासच्या दिव्याच्या दोन वायरा एकमेकीत पिळून न्यायच्या. सुट्या नेल्या तर त्यातला करंट तबकडीला ओढतो. मी वेणी घालावी तशा पिळल्या. वेणी बघितलेली होती, रोज सकाळी, आरशात.

आणि एक ताकीद. "कंपासजवळ लोखंड आणायचं नाही. स्क्रू पितळेचे. पक्कड, पेचकस, सगळं काम झालं का खाली."

मी ते मनावर घेतलं. कंपास बसवायच्या दिवशी औजारांची पेटी खाली ठेवली. घड्याळ काढलं. पट्ट्याला लोखंडी बक्कल होतं म्हणून पट्टा काढला आणि पँट सांभाळत वर चढलो. बंडी अंगात होती. अडकित्ता तिच्या खिशात होता. आज कोणी हसेल, पण खरं सांगतो, तो माझ्या हिशेबात लोखंड नव्हताच. तो तिचा अडकित्ता होता.

साहेब चहाला गेले होते. शेडमध्ये मी एकटा. दुपारची वेळ, बाहेर कुठे पत्रा ठोकायचा आवाज. मी गुडघ्यावर बसलो, पितळेचा स्क्रू घेतला आणि खांबावर वाकलो. तबकडी फिरली.

मी थांबलो, मागे सरकलो. तबकडी आपल्या जागी गेली. पुन्हा वाकलो, तर ती सावकाश वळली, माझ्याकडे. झटका नव्हता. चुलीपुढे बसलेली बाई, कोणी दारात आलं की हातातलं काम न सोडता मान वळवते, तशी.

माझ्या हातातला स्क्रू पडला. नावेत खालपर्यंत गडगडत गेल्याचा आवाज आला.

"काहून वं," मी म्हणालो. "एवढ्या दिवसानं?"

त्या दिवशी मी काम पुरं केलं नाही. साहेब आले तेव्हा म्हणालो, एक स्क्रू हरवला, उद्या करतो.

मग माझं रोज तिथे जाणं सुरू झालं. सकाळी आंघोळ करून, दाढी करून जायचो. साहेब समोर असले की मी लांबूनच वायर ओढायचो. ते गेले की खांबाजवळ बसायचो आणि बोलायचो. गॅस बदलला. शेजारणीची सून परत आली. तुझी कढीपत्त्याची कुंडी वाळली, पण मुळाला ओल आहे. प्रत्येक वेळी जवळ गेलो की तबकडी वळायची आणि मी उठेपर्यंत तशीच राहायची. हलायची नाही. ती ऐकायची तेव्हाही अशीच राहायची, मधे बोलायची नाही, शेवटी एक वाक्य टाकायची. ते वाक्य मात्र यायचं नाही.

भीती वाटली का? वाटली. एकदा वाटलं, बहीण म्हणते तसं ही मला न्यायलाच आली असेल. घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि मनात म्हणालो, नेते तर नेऊ दे.

एकदा बंडी धुवायला टाकली होती, वाळली नाही. अडकित्ता घरीच राहिला, मी शर्ट घालून गेलो. जवळ बसलो, तबकडी वळली नाही. या बाजूने बसलो, त्या बाजूने बसलो. काही नाही.

"रुसली काय?" मी म्हणालो. "लुगडी बहिणीले देऊन टाकली म्हणून? मी काय करू त्यांचं?"

तबकडी जागची हलली नाही. त्या दिवशी मी घरी येऊन गॅस पेटवला नाही. दुसऱ्या दिवशी ओलसर बंडीच अंगात घालून गेलो, अडकित्ता परत तिच्या खिशात. तबकडी वळली. मी तिथेच चाकाला डोकं टेकून बसलो. तबकडीच्या वळण्याचा खिशातल्या अडकित्त्याशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा.

काम तर संपलं होतं. मी संपू देत नव्हतो. लावलेली वायर काढायचो, परत लावायचो. फ्यूजचा डबा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला.

साहेब एक दिवस म्हणाले, "मिस्त्री, नाव समुद्रात न्यायची आहे, तुमच्या हाती म्हातारी नाही करायची."

"एक जोड ढिला वाटून राहिला साहेब."

"तो पाण्यात गेल्यावर समजन. परवा रामटेकला नेतो."

रामटेकच्या तळ्यावर ट्रेलर पाण्यात मागे मागे नेऊन नाव उतरवली. वर गड, गडावर देऊळ. साहेब, त्यांची बायको आणि मी. बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, तोंडाच्या फटकळ. त्यांनी नारिंगी जाकीट घातलं होतं, त्याचे पट्टे पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या.

"काका, तुम्ही वायर लावली ना? मग तुम्हीही बसा," त्या म्हणाल्या. "बुडलो तर सगळेच बुडू."

"तळ्यात काय बुडते तू," साहेब म्हणाले.

"तळ्यात नाही हो, तालीम करून राहिली मी. समुद्रात तर तुम्ही नेऊनच राहिले."

शीड भरलं, नाव चालायला लागली. साहेब चाकावर, मी पुढच्या बाजूला. पडदा लागला, खोलीचं मीटर लागलं. साहेबांनी नावेचं तोंड गडावरच्या देवळाकडे धरलं आणि म्हणाले, "जुळते बरोबर. पडदा वर उपग्रहाले विचारते, कंपास जमिनीले विचारते. दोघांचं एक आलं पाहिजे. मिस्त्री, या इकडे, कंपासचा दिवा दाखवा."

मला जायचं नव्हतं. तिथे आम्ही कधी कोणासमोर बसलो नव्हतो. पण मालकाने बोलावल्यावर काय करणार. गेलो, खांबाजवळ वाकलो, बटण दाबलं. दिवा लागला, आणि त्याच्या उजेडात तबकडी वळली.

साहेबांनी चाक हलवलं नव्हतं. समोर देऊळ तिथेच होतं.

"हे काय?" ते म्हणाले. "दिवा बंद करा."

बंद केला. तबकडी तशीच.

"तुम्ही मागे व्हा."

मागे झालो. ती परत गेली. त्यांनी मला पुन्हा बोलावलं, पुन्हा मागे पाठवलं. बाई बघत होत्या.

"अंगात येते काय काका तुमच्या?" त्या हसून म्हणाल्या. मी हसलो नाही, तेव्हा त्याही थांबल्या.

"मिस्त्री, खिशात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी आहे. मले खिसा दाखवा."

मी खिशावर हात ठेवला. हाताखाली अडकित्ता होता आणि त्याच क्षणी मला सगळं समजलं. म्हणजे आधीपासून समजलेलंच होतं, ते आता वर आलं. काढला, तर तबकडी पुन्हा कधी वळणार नाही. नाही काढला, तर अजून ती आहे. नाव हलत होती, मी शिडाची दोरी धरली.

"बायकोची वस्तू आहे," मी म्हणालो. "मले राहू द्या. नाव किनाऱ्याले लावा, मी उतरतो. मी नसलो का कंपास बरोबर चालन तुमचा."

"चालन. पण कशानं फिरला ते पाहिल्याशिवाय मी त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" साहेब चिडले नव्हते. हळूच बोलले. "तिथं धुकं पडलं अन् पडदा बंद पडला, तर मले याच्याच भरवशावर हिले घरी आणायचं आहे."

मी बाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या आणि हाताने जाकिटाचा पट्टा ओढत होत्या. मघाची सगळी बडबड भीतीची होती. मी अडकित्ता काढला.

साहेबांनी तो कंपासजवळ धरला. तबकडी धावत आली त्याच्याकडे. अडकित्त्याचं दुसरं टोक धरलं, तर तोंड फिरवून पळाली.

"हा नुसतं लोखंड नाही. चुंबक झाला आहे. कुठं राहायचा हा?"

"भिंतीवर," मी म्हणालो. "स्पीकरच्या चुंबकाले चिकटवून. मीच ठोकलं होतं."

"मग बरोबर आहे. वर्षानुवर्षं चिकटून चिकटून याच्यातही उतरलं."

एवढं म्हणून त्यांनी अडकित्ता मिटून माझ्या हातात दिला. जहाजावर राहिलेला माणूस, कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

मी विचार केला तो असा. बहिणीचं खरं मानलं, तर लोखंड खिशात होतं म्हणून ती कधी येऊच शकली नाही. आणि साहेबांचं खरं मानलं, तर जे आलं ते लोखंडच होतं. दोन्हीकडून तिची जागा रिकामीच निघाली. ती शेडमधली सगळी बोलणी, कढीपत्ता, शेजारणीची सून, मी एका अडकित्त्याला सांगत होतो. आणि तो माझ्याच खिशात होता.

बाई पुढे आल्या. "द्या इकडे काका. पुढं नेऊन ठेवते, लांब." त्यांनी अडकित्ता हातात घेऊन उघडझाप करून बघितला. "किती छान धार आहे हो. आता असे भेटत नाहीत. मी कातरू का एक? माझ्याजवळ सुपारी आहे."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. त्या शिडाच्या पलीकडे, नावेच्या पार टोकाला जाऊन बसल्या. मला दिसेनाशा झाल्या.

"या," साहेब म्हणाले. "आता बसा जवळ."

मी खांबाजवळ चाकाकडे तोंड करून बसलो, शिडाकडे पाठ. वाकलो. तबकडी हलली नाही. अगदी काचेला नाक लागेपर्यंत वाकलो, तरी ती गडाकडेच बघत राहिली. काम चोख झालं होतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

खिसा हलका झाला होता. बंडी दोन्ही बाजूंनी सारखी लोंबत होती. माझ्या अंगावर आता लोखंडाचा तुकडा नव्हता. घड्याळ, पट्टा तर घरीच ठेवून आलो होतो. मनात म्हणालो, बरं, आता कोणाची आडकाठी नाही. यायचं असेल तर आता ये.

वारा जरा पडला. शीड एकदा फडफडलं आणि गप्प झालं. मग मागून आवाज आला. कट्ट. थोडं थांबून पुन्हा, कट्ट. अडकित्ता खिशात आल्यापासून त्याने सुपारी कातरली नव्हती. तो आवाज मी विसरलो होतो. जेवणानंतरचा, भांडी घासायच्या आधीचा. मग बारीक बारीक, घाईघाईने, दात हलणाऱ्या माणसासाठी कातरावी तशी.

तिकडे साहेबांची बायको बसली होती, हे मला माहीत होतं.

मी मान वळवली नाही. तबकडीकडे बघत राहिलो. तीही वळली नाही.